चार वाव पाण्यातली पिल्लं

लालबाग

मालवणातून मुंबईला मासे नेणारी मी काही पहिली बाई नव्हे. आमच्याकडून गाडीत सुरमई चढते, सुके बांगडे चढतात, जावयासाठी खास निवडून ठेवलेले सरंगे चढतात. पण नखाएवढे मासे, तेही स्पिरिटात बुडवून, अठ्ठेचाळीस बाटल्यांत भरून नेणारी बहुधा मीच. वाटेत एक बाटली पाझरली आणि बसभर वास सुटला. कंडक्टर माझ्या तोंडाकडे असा बघायला लागला की शेवटी मीच म्हटलं, "दादा, मी शाळेत विज्ञान शिकवते. प्यायलेली नाहीये." मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "शिकवतत ते पियनत नाय, असा खंय लिवलेला आसा?" सगळी गाडी हसली, कंडक्टरसुद्धा. मी खिडकी उघडून बसले.

ही कसली बाटल्यांची वरात, ते आधी सांगते. आमच्या समुद्रात खडप आहेत, म्हणजे पाण्याखालचे खडक, त्यांच्यावर थोडं पोवळंही आहे. तांबोशी, गोबरा, फुलपाखरासारखे पिवळे मासे तिथे राहतात. त्यांची पिल्लं आधी काचेसारखी पारदर्शक असतात आणि पाण्यात नुसती तरंगत फिरतात. मग एके दिवशी ती आपापली खोली, म्हणजे किती खोल पाण्यात राहायचं ते, निवडतात आणि खडपाला येऊन राहतात. कुठली खोली निवडतात, यावरून आमच्या गावात दोन वर्षं भांडण चाललं होतं. शेवटी मच्छीमार आणि पाहुण्यांना पाण्याखाली नेणारे, असे सगळे एकत्र बसले आणि ठरलं की पावसाळा संपला की अमावास्येच्या आसपास दिव्याचे सापळे सोडायचे, उजेडाला पिल्लं आत येतात, दोन, चार आणि सहा वाव पाण्यात. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंतचं अंतर, पुस्तकी हिशेबाने सहा फूट. ज्या खोलीवर पिल्लं जास्त सापडतील, तिथे दर वर्षी तीन महिने कुणी नांगर टाकायचा नाही आणि पाहुणे उतरवायचे नाहीत.

आता खरी गोम. माझा धाकटा भाऊ दिगू पाहुण्यांचा हात धरून त्यांना ज्या खडपावर नेतो, तो खडप बरोबर चार वाव पाण्यात आहे. पहिल्या वर्षी पिल्लं दोन वावांवर बरी मिळाली, चारवर थोडी. दुसऱ्या वर्षी मात्र चारच्या बाटल्या भरून वाहिल्या. चार खरे ठरले तर ऐन हंगामात दिगूचं काम बंद, आणि त्याच्या संसारात तो एकटाच कमावता, बायको-मुलं त्याच्यावर. पिल्लं नेमकी कोणत्या माशांची ते ओळखून आणायचं काम गावाने माझ्यावर टाकलं, कारण मी शास्त्र शिकवते आणि खोटं बोलत नाही असा माझा लौकिक आहे. लौकिक कधीकधी फार महाग पडतो.

मी उतरले ती लालबागला, मावसबहीण रेखाकडे. जिथे त्यांची चाळ होती तिथेच आता बावीस मजली इमारत आहे आणि रेखा चौदाव्या मजल्यावर राहते. तिने खोका उघडला, एक बाटली उजेडात धरली आणि किंचाळली. "अगं ए, हे काय आणलंयस? मला वाटलं पापलेट असतील! हे तर डोळेच आहेत नुसते!"

"पिल्लं आहेत गं."

"पिल्लं आणायची तर जरा वाढू द्यायची ना आधी." बाटल्या तिने कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी ठेवल्या. मी घाईघाईने त्या उचलून पलंगाखाली सरकवल्या. सकाळी घाईत कुणी सोलकढीत स्पिरिट ओतलं असतं तर माझ्या लौकिकाचं काय झालं असतं?

जेवायला तिने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, केल्या होत्या, मसाला गल्लीतल्या ताज्या कांडलेल्या मिरचीच्या. आमच्यापेक्षा तिखट, खोबरं कमी. "इथे नारळ परवडतो कुणाला," ती म्हणाली. मावशी मात्र जेवायला वर आलीच नाही. ती दिवसभर खाली गेटजवळच्या बाकावर असते, जुन्या शेजारणींबरोबर. रेखाने तिचं ताट लिफ्टने खाली नेलं. "वर करमत नाही म्हणते. बावीस मजले बांधले, पण आमची सगळी म्हातारी तळमजल्यालाच." मला बाटल्यांतली पिल्लं आठवली. ज्याची त्याची खोली ठरलेली असते, तिथेच जीव रमतो, असं काहीबाही मनात येत राहिलं. मग झोप लागली.

परळ

परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला जाधवबाईंना भेटायचं होतं. त्या प्राध्यापक नाहीत. बाटल्या विसळायला लागल्या होत्या आणि प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून निवृत्त झाल्या. पण माशाचं पिल्लू ओळखावं तर त्यांनीच, असं मला तिघांनी सांगितलं होतं. निवृत्तीनंतरही कॉलेज त्यांना आठवड्यातून दोनदा बोलावतं. मी पोहोचले तेव्हा त्या फोनवर होत्या. "जय भीम, बोल," म्हणून सुरू केलेलं बोलणं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं आणि माझ्याकडे हात केला. "आणा. आधी कोणतं?"

"हे दोन वावांचं."

"तसं नाही. मला खोली सांगायची नाही. फक्त नंबर सांगायचा. खोली कळली की डोळा हवं ते बघतो."

मला आवडलीच ही बाई. पिल्लं काचेच्या बशीत ओतायची, चिमट्याने एकेक वेगळं करायचं, मायक्रोस्कोपखाली सरकवायचं. त्या मला शिकवत होत्या. पाठीवरचे काटे मोजा. शेपटीजवळ काळे ठिपके किती, कुठे, ते बघा. डोक्याला शिंगासारखं काही आहे का? मी एका पिल्लाला धिटाईने गोबरा म्हटलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, गोबरा मोठा झाल्यावर कुणीही ओळखतो. हा तांबोशीचा आहे. परत मोजा." परत मोजलं. तांबोशीच होती. पंचवीस वर्षं मी मुलांना मासे शिकवते आणि रोज जेवते, पण तांबोशीची ओळख अशी पहिल्यांदाच झाली.

दुपारी त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, लसूण भरपूर. आमच्याकडे सुकं म्हणजे वर कोकम पाहिजेच. त्या म्हणाल्या, "आमच्यात नाही. आमचं गाव घाटावरचं. वडील मिलमध्ये आले तेव्हा बोंबील पहिल्यांदा बघितला त्यांनी. आई सांगायची, त्यांना वाटलं हा आजारी मासा आहे." मी माझ्या डब्यातली सोलकढी पुढे केली. त्यांनी पिऊन बघितली, तोंड वाकडं केलं, आणि ग्लास संपवला.

दोन दिवसांत सगळ्या बाटल्या झाल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी कागद जुळवले, चष्मा कपाळावर नेला आणि मला विचारलं, "आता खोल्या सांगा." मी सांगितल्या. त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, एक बोलू? राग मानू नका. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या सहा वावांच्या बाटल्या सहाच्या वाटत नाहीत. पहिल्या वर्षीच्या चारच्या बाटल्यांशी जुळतात. तेच मासे, तेवढेच."

"मग त्या बाटल्यांवर चार लिहू या का?" मी विचारलं. तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"मासा बघून खोली लिहायची, आणि मग सांगायचं की हा मासा या खोलीला राहतो? मग मायक्रोस्कोप कशाला? पंचांग बघा की." त्या हसल्या, पण जरा कडकच. "सापळा किती खाली सोडला ते कशावरून मोजलं?"

"दोरीवरून. दर वावाला लाल चिंधी बांधलीय."

"दोरी कुठाय?"

दोरी माझ्या पायाशीच होती. निघताना खोका बांधायला काही सापडेना, म्हणून सापळ्याचीच दोरी गुंडाळून आणली होती. पहिल्या वर्षाची दोरी मी स्वतः शाळेच्या टेपने मोजली होती, सहा फुटांचा एक वाव. ती एका ट्रॉलरने तोडून नेली. दुसऱ्या वर्षी माझ्यामागे पेपर तपासणी होती, म्हणून दिगूने नवी दोरी बनवली. हाताने वाव मोजून, आजोबा मोजायचे तशी. मच्छीमाराच्या घरात टेप कोण शोधत बसतो?

जाधवबाईंनी स्टीलची टेप काढली. व्हरांड्यात आम्ही दोरी पसरली आणि चिंधीपासून चिंधीपर्यंत मोजलं. साडेचार फूट. पुढचा वाव, साडेचार. त्याच्या पुढचा, पुन्हा साडेचार.

"मोजणारा बुटका आहे का?"

"छे हो! माझा भाऊ दारातून वाकून आत येतो."

मला असा संताप आला! आळशी मेला. दोन हात नीट ताणायला याला काय झालं होतं? अख्खं गाव एकमेकांच्या उरावर बसलं, आणि हा अर्धवट हात पसरून मोकळा! मी फोन काढला. जाधवबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आळशाची मापं सारखी येत नाहीत, ताई. एक लांब येतं, एक आखूड. हे बघा, सगळी एकसारखी. हा माणूस दर वेळी हात जितका जातो तितका नेऊन मोजतोय."

मी व्हरांड्यातल्या स्टुलावर बसले. दीड वर्षापूर्वी मे महिन्यात होडी वर ओढताना दिगू पडला होता. उजव्या खांद्यावर. वैद्याकडे गेला, पट्टा लावला, महिन्याने म्हणाला, "बरो झालो." आणि मी मान्य केलं. मग तो गळ्यातून घालायचे बनियन सोडून बटणाचे शर्ट घालायला लागला. माळ्यावरचं काही काढायचं असलं की बायकोला हाक मारायला लागला. मी हे सगळं बघत होते. माशाच्या पिल्लाच्या पाठीचा काटा न काटा मोजणारी मी, माझ्या घरातल्या माणसाचा हात उघडत नाही हे मला दीड वर्ष दिसलं नाही. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी. अजूनही वाटतं.

जाधवबाईंनी मला पाणी दिलं आणि स्वतःच हिशेब मांडला. दिगूचे चार वाव म्हणजे अठरा फूट. म्हणजे खरे तीनच वाव. पिल्लांची गर्दी तीन वावांवर होती. माझ्या पहिल्या वर्षीच्या दोरीत तीनवर सापळाच नव्हता, त्यामुळे ती हुकली. आणि खऱ्या चार वावांवर, दिगूच्या खडपावर, पहिल्या वर्षी पिल्लं थोडी; दुसऱ्या वर्षीचे सहा म्हणजे खरे साडेचार, तिथेही थोडीच. दिगूचा खडप वाचला होता. स्वतःच्याच चुकीने तो बुडत होता, आणि त्याला वाचवायला गेलं तर त्याचा खांदा उघडा पडत होता.

"आकडे बदला आणि कारण लिहू नका," जाधवबाई म्हणाल्या, "तर गाव काय म्हणेल? बहिणीने मुंबईला जाऊन भावासाठी आकडे बदलून आणले. मी गावात असते तर मीच म्हटलं असतं."

मी दिगूला फोन लावला. नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं, "दिगू, तुझा उजवा हात किती उघडतो रे?"

तो हसून म्हणाला, "कित्याक? शर्टाचा माप घेतस?"

"दोरी मोजली मी."

त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "खांदो उघडणा नाय, ताये. अर्ध्यावर अडाकता. कोणाक म्हायत नाय. हिकाय सांगूक नाय." म्हणजे बायकोलासुद्धा नाही. मी त्याला सगळं समजावलं. खडप वाचतोय, पण कारण लिहावं लागेल. तो एकदम म्हणाला, "लिवू नको. पाय धरतंय तुझे. एक हाताच्या माणसाबरोबर पाण्यात कोण उतरतलो? खडप ऱ्हवान माका काय करूचो?" आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

दादर

दुसऱ्या दिवशी सकाळी जाधवबाईंनी मला दादरच्या मासळी बाजारात नेलं. तुमचं तोंड उतरलंय, जरा मोठे मासे बघा, म्हणाल्या. बाजार ओला, दणदणीत आणि आमच्यासारखाच. फरक एवढाच की आमची कोळीण गिऱ्हाइकाला घरचं नाव घेऊन हाक मारते आणि इथली सगळ्यांनाच "ये गं माझे बाय" म्हणते. जाधवबाईंनी एका तांबोशीचे कल्ले उघडून बघितले, पाठीवर बोट फिरवलं. कोळीण खेकसली, "घ्यायचीय की नुसती गोंजारायचीय?"

"हिला लहानपणी बघितलीय मी," जाधवबाई म्हणाल्या. कोळणीने मलाच विचारलं, बाईंचं बरं आहे ना? मी कितीतरी वेळाने हसले.

बाहेर चहा घेताना त्यांना म्हटलं, "मी नाहीच लिहिलं कारण, तर?"

"तर मी माझे कागद देते तुम्हाला. मासे कोणते ते त्यात आहे, ते खरं आहे. खोलीचं तुम्ही आणि तुमचा भाऊ बघा." थांबून म्हणाल्या, "तो पाहुण्यांना कोणत्या हाताने धरतो?"

चहा तसाच गार झाला.

गिरगाव

परतीची गाडी रात्रीची होती. दिवस काढायला मी गिरगावात गेले. एका खानावळीत बिरड्याची उसळ खाल्ली. वाढणाऱ्या काकांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढली आणि म्हणाले, "ताई, गावच्या दिसता, पोटभर जेवा." आमच्याकडे वालाचं बिरडं चैत्र-श्रावणात लाडाने होतं. इथे एका साध्या बुधवारी समोर आलं, गूळ थोडा जास्तच. मग चालत चौपाटीवर गेले आणि वाळूत बसले. इथलं पाणी गढूळ, दोन वितीखालचं दिसत नाही. आमच्याकडे चार वावांवरचा खडप होडीतून दिसतो, आणि माझा भाऊ मात्र दिसत नव्हता.

जाधवबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. दिगू उजव्या हातानेच पाहुण्याला धरतो. डावा मोकळा लागतो, दोरीसाठी. कुणी पाण्याखाली घाबरून वर उसळी मारली, जोरात ओढ दिली, तर तो खांदा धरणार होता का? आजवर झालं नाही, हे नशीब. धंद्याची काळजी मलाही होती. पण परक्या माणसाचा जीव त्या हातात देऊन मी गप्प बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. भावावर माया आहे म्हणून तर मुळीच नाही.

मी वही काढली आणि पेन्सिलीने लिहिलं. "दुसऱ्या वर्षाची दोरी. मोजणारा दिगंबर, माझा भाऊ. उजवा खांदा पूर्ण उघडत नाही, म्हणून वाव साडेचार फुटांचा. चार वावांच्या बाटल्या प्रत्यक्षात तीन वावांच्या." त्या पानाचा फोटो काढून त्याला पाठवला. खाली लिहिलं, "तू नको म्हणालास तरी मी हे वाचणार आहे. माफ कर." दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. अंधार पडेपर्यंत मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते.

मालवण

रविवारी शाळेच्या पडवीत सगळे जमले. दिगू घरी असूनही माझ्याशी तीन दिवस बोलला नव्हता. बैठकीला आला, पण सर्वांत मागे, खांबाला टेकून उभा राहिला. मी जाधवबाईंचे कागद वाचले. कोणते मासे, कोणत्या बाटलीत किती. सगळे शांतपणे ऐकत होते. मग म्हटलं, "पिल्लं सर्वांत जास्त आहेत ती तीन वावांवर. चारवर नाहीत."

भिकाजी म्हणून आमच्यातले सर्वांत जुने मच्छीमार आहेत, त्यांनी तंबाखूची चिमूट खाली ठेवली. "म्हणजे बाईनू, भावाचो खडप बरो वाचलो." लोक हसले. "औंदा चार चार म्हणत होतंव. मुंबयचा पाणी लागल्यार त्याचे तीन कशे झाले?"

मी वही उघडली. पान समोर होतं, पण वाचण्याआधी माझी नजर मागच्या खांबाकडे गेली. हसणं वाढलं. तेवढ्यात मागून कुणीतरी लोकांतून वाट काढत पुढे आलं. दिगू होता. त्याने टेबलावरची दोरी उचलली आणि सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. दोरी धरून दोन्ही हात पसरले. डावा सरळ, लांब गेला. उजवा अर्ध्यावर अडकला. कोपर वाकलं, त्याचं तोंड वेदनेने लाल झालं, पण त्याने जोर सोडला नाही. एका मुठीत एक लाल चिंधी होती, दुसऱ्या मुठीत बरोबर पुढची.

त्याची बायको दाराशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

"दोरी खोटी नाय," दिगू म्हणाला. "ताई पण खोटी नाय. हात आखूड पडता. आता पावण्यांका पाण्यात कोणी न्हेवचा, ता तुमी ठरवा."

एवढं बोलूनही तो हात तसेच पसरून उभा राहिला, खाली घ्यायचं त्याला सुचेना. मी उठले, त्याच्या मुठीतून दोरी सोडवली आणि त्याचा उजवा हात हळूहळू खाली आणला.